शाळेच्या ताटातली भाजी हाही पाठच आहे : शालेय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य,
मा. संचालक, महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : शालेय पोषण आहार आणि वर्गातील आहारशिक्षण यांची सांगड घालण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये एकोणतीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. या काळात परिसर अभ्यास शिकवला, गणित शिकवले आणि रोज दुपारी मुलांच्या पंगतीत उभी राहिले. भाजी आणि फळे यांच्याबाबत मुलांची सवय कशाने बदलते आणि कशाने बदलत नाही, हे मला त्या पंगतीत जेवढे समजले तेवढे कोणत्याही प्रशिक्षणात समजले नाही. तेच आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एका वर्षी चौथीच्या वर्गाला मी 'क' जीवनसत्त्वाचा पाठ शिकवला होता. चाचणीत जवळजवळ सर्वांनी आवळा, पेरू आणि लिंबू ही नावे अचूक लिहिली, हिरड्यांतून रक्त येणे हे लक्षणही लिहिले आणि मी समाधानाने गुण दिले. त्याच दुपारी खिचडीतल्या टोमॅटोच्या फोडी आणि कोथिंबीर बोटाने वेचून ताटाच्या कडेला ठेवलेली मी पाहिली. शाळेच्या मागे आवळ्याचे झाड होते, त्याखाली पडलेले आवळे मुले एकमेकांना नेम धरून मारत होती. यात मुलांचा काहीच दोष नव्हता. आवळा हा शब्द मी त्यांना दिला होता, आवळा हातात दिला नव्हता, मीठ लावून तोंडात घालायला तर मुळीच दिला नव्हता.

माझे सगळे म्हणणे या एका प्रसंगातून निघते. आपल्या शाळांत आहार आणि आहाराचे शिक्षण ही दोन वेगळी खाती झाली आहेत. जेवण हे धान्याच्या पोत्यांचे, नोंदवहीचे आणि हिशेबाचे काम झाले, तर पोषण हा पाठ्यपुस्तकातला एक धडा झाला. दोन्ही एकाच इमारतीत आणि एकाच मुलाच्या बाबतीत घडत असूनही त्यांची गाठ पडत नाही. ती घालून देणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी नवी योजना आणण्याची गरज नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय योजनेत सुरुवातीला बहुतेक ठिकाणी मुलांना कोरडे धान्य घरी नेण्यासाठी मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले अन्न हा मुलांचा हक्क ठरला, आणि २०२१ पासून योजनेला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना हे नाव आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. हे प्रमाण शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असते. ते वाचणारे मूल मात्र मला क्वचितच भेटले, कारण ५० ग्रॅम म्हणजे किती हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

म्हणून एकदा आम्ही ते मोजले. विज्ञान पेटीतला तराजू पंगतीच्या जागी आणला, गटागटाने मुलांना बसवले आणि प्रत्येक गटाने मेथी, गाजर, दुधी आणि कोबी यांचे पन्नास-पन्नास ग्रॅम वेगळे काढले. पन्नास ग्रॅम मेथी म्हणजे निवडलेल्या पानांचा केवढा तरी ढीग आणि पन्नास ग्रॅम गाजर म्हणजे एक लहानसे गाजर, हे पाहून मुले थक्क झाली. मग पट गणितात आला. आमच्या शाळेत तेव्हा चौसष्ट मुले होती, म्हणजे दिवसाला ३,२०० ग्रॅम, अर्थात तीन किलो दोनशे ग्रॅम भाजी लागणार, आणि शनिवार धरून सहा दिवसांची एकोणीस किलो दोनशे ग्रॅम. तिसरीच्या मुलांनी हा गुणाकार फळ्यावर केला. त्या दिवशी स्वयंपाकघरात प्रत्यक्षात किती भाजी होती, तेही त्यांनी मोजले. कांदा-बटाटा सोडला तर ती फारच कमी भरली. ही गोष्ट मुलांनी घरी सांगितली, घरून ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आली आणि पुढच्या आठवडे बाजारापासून भाजी वाढली. सूचनापत्रांनी जे झाले नव्हते ते तराजूने झाले, कारण मोजणारी मुले होती आणि मोजलेले अन्न त्यांचे स्वतःचे होते.

पैशाची बाजू मला माहीत आहे आणि ती टाळून मी हे लिहीत नाही. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे साहित्यखर्च मंजूर आहे. धान्य वेगळे मिळते, परंतु डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन एवढ्यातच बसवावे लागते. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागते तेव्हा मुख्याध्यापकाची ओढाताण कशी होते, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु आमच्या जुन्नर तालुक्यातच नारायणगावचा टोमॅटो बाजार आहे. भाव कोसळला की शेतकऱ्यांना क्रेट रस्त्याच्या कडेला ओतावे लागतात, आणि तो टोमॅटो तोडायला सुट्टीच्या दिवशी आमचीच मुले जातात. नाशिकची द्राक्षे, सोलापूरचे डाळिंब, जळगावची केळी, नागपूरची संत्री, घोलवडचे चिक्कू, पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ ही सारी संपत्ती पिकवणाऱ्या राज्यात, पिकवणाऱ्यांच्याच मुलांच्या ताटात फळ नसावे, याचे मला फार वाईट वाटते.

मुलांच्या जिभेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. नवी किंवा कडवट चव मूल पहिल्या घासाला नाकारते, हा हट्ट नव्हे. तोच पदार्थ जबरदस्ती न करता पुन्हा पुन्हा, अगदी दहा-बारा वेळा, थोडा थोडा समोर आला तर बहुतेक मुले तो खाऊ लागतात, हे बालआहाराच्या अभ्यासकांनी अनेकदा दाखवून दिले आहे आणि माझाही अनुभव तोच आहे. घरातली आई एवढे प्रयत्न करू शकत नाही. दोनदा टाकलेली कारल्याची भाजी तिसऱ्यांदा करणे तिला परवडत नाही. शाळेला मात्र ते शक्य आहे, कारण तिथे पंगत आहे, मित्र आहेत आणि शेजारच्याने खाल्ले म्हणून आपणही खाण्याची ओढ आहे. अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून चव नोंदवहीत सही करावी, असा आपला नियम आहे. मी तिसरी-चौथीच्या मुलांना त्यांची स्वतःची चव नोंदवही करायला दिली. आज काय चाखले, रंग कोणता, वास कसा, पहिला घास कसा लागला आणि मागच्या वेळेपेक्षा आज वेगळा लागला का, एवढेच त्यांनी लिहायचे. 'आवडले नाही' असे लिहिण्याची पूर्ण मोकळीक होती. एका मुलीने शेपूच्या भाजीपुढे पाच वेळा 'आवडली नाही' लिहिले, सहाव्या वेळी 'वास येतो पण भाकरीबरोबर चालते' असे लिहिले, आणि तिच्या आईने मला सांगितले की बाजारातून शेपू आणण्याचा हट्ट आता मुलगीच धरते. भाषेच्या तासाला विशेषणे शिकवायला मला त्या वहीइतके उत्तम साधन पुन्हा मिळाले नाही.

आमच्या भागातल्या मुलांविषयी आणखी एक गोष्ट मनात सलत राहिली आहे. पाऊस सुरू झाला की कोळी महादेव आणि ठाकर कुटुंबांच्या घरी कुर्डू, टाकळा, भारंगी, करटुली, चाईचा मोहर अशा रानभाज्या शिजतात. डब्यात त्या आणलेले मूल मात्र डब्याचे झाकण अर्धवट उघडून, हाताने आडोसा करून जेवते. वर्गातल्या तक्त्यावर सफरचंद आणि अननस असतो, करटुले नसते, म्हणून मुलाने असा समज करून घेतलेला असतो की तक्त्यावरचे ते चांगले खाणे आणि आपल्या घरचे ते गरिबाचे खाणे. शिक्षणाने आहार सुधारतो हे खरे आहे, पण शाळेत जे दाखवले जात नाही त्याची मुलांना लाज वाटू लागते, हेही तितकेच खरे आहे. आम्ही एका मुलाच्या आजीला शाळेत बोलावले. भारंगीची कोवळी पाने कशी ओळखायची, ती उकडून कडू पाणी का पिळून टाकायचे, कोणत्या भाजीला आंबट घातल्याशिवाय घसा खवखवतो, टाकळा कोवळा असतानाच का खुडायचा, हे तिने वर्गासमोर दीड तास सांगितले. मी पाठ्यपुस्तकातून शिकवलेले सारे त्या दीड तासापुढे पातळ वाटले. तो मुलगा दुसऱ्या दिवशी डबा उघडा ठेवून जेवला. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचा आणि परसबागेच्या भाज्यांचा केवढा ठेवा राखला, हे देशाने २०२० साली पद्मश्री देऊन मान्य केले. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्यासारख्या जाणत्या स्त्रिया प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांना शाळेत शिकवायला बोलावण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो. त्याचे एक दालन दर वर्षी शाळेतच भरावे, एवढा समन्वय दोन विभागांनी साधायला हवा.

परसबागेविषयी आपल्या सूचना आहेत, स्पर्धाही होतात, आणि जिथे एखादा शिक्षक मनापासून रमतो तिथे बाग सुंदर फुलते. पण मी पाहिलेल्या बहुतेक बागा छायाचित्र पाठवून झाल्यावर वाळल्या. कारणे साधी असतात. कुंपण नसते म्हणून शेळ्या शिरतात, उन्हाळ्यात पाणी नसते, मे महिन्यात शाळेत कोणी नसते आणि बाग करणाऱ्या शिक्षकाची बदली होते. आमची बाग टिकली ती हात धुण्याचे पाणी चर काढून वाफ्यांकडे वळवल्यामुळे, आणि शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू अशी उन्हाळा सोसणारी झाडे आधी लावून मेथी-पालक-मुळ्याचे वाफे नंतर केल्यामुळे. चौसष्ट मुलांना रोज पुरेल एवढी भाजी एवढ्याशा बागेतून निघत नाही आणि ती निघावी अशी अपेक्षाही करू नये. बागेचे खरे पीक वेगळे आहे. स्वतः पेरलेला, पाणी घातलेला, किडीपासून राखलेला मुळा मूल सोडत नाही. तो त्याचा असतो. ज्या मुलांनी खिचडीतला पालक वर्षभर वेचून टाकला, त्याच मुलांनी स्वतः खुडलेल्या पालकाची पातळ भाजी तीन वेळा मागून घेतल्याचे मी पाहिले आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला तेव्हा हाताने काम करत शिकणे हाच त्याचा गाभा होता. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुले आजही शेती आणि स्वयंपाक करत विज्ञान-गणित शिकतात, आणि पाबळच्या विज्ञान आश्रमाने शेती आणि आरोग्य हे विषय शाळांच्या अभ्यासक्रमात कामातून आणून दाखवले आहेत. हे सारे आपल्याच राज्यात झालेले आहे. दूरचे उदाहरण हवेच असेल तर जपानने २००५ मध्ये आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि तिथे शाळेतले दुपारचे जेवण हा शिक्षणाचाच भाग मानतात. मुले स्वतः वाढतात आणि जेवणातल्या पदार्थांवर वर्गात बोलणे होते.

या विषयाची निकड कशामुळे आहे, हे आपणास ठाऊकच आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांमध्ये आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळांत लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात, त्या द्यायलाच हव्यात. पण पालेभाजीतले लोह अंगी लागायला तिच्यावर लिंबू पिळावे, जेवणाला लागून चहा घेऊ नये, गाजर-पालकातल्या 'अ' जीवनसत्त्वाला थोडे तेल लागते, एवढे साधे ज्ञान मुलगी घरी घेऊन गेली तर ते तिच्या आईच्या, पुढे तिच्या स्वतःच्या आणि तिच्या लेकरांच्या ताटापर्यंत पोहोचते. चहा जेवणानंतर तासभर उशिरा घेण्याला पैसे लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. आमच्या भागातल्या घरांच्या मानाने हा आकडा फार दूरचा आहे. शाळेतल्या पन्नास ग्रॅमपासून सुरुवात झाली, तर तो निदान दिसू लागेल.

फळांबाबत मला वेगळी विनंती करायची आहे. केंद्राच्या निकषांत धान्य, डाळ, भाजी आणि तेल यांचे रकाने आहेत, फळाचा रकाना नाही. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शाळाशाळांत झालेला आनंद खरा होता. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी थांबवून ती बाब लोकसहभागावर सोपवण्यात आली. ज्या गावात लोकसहभागाची ऐपत सर्वांत कमी, त्याच गावातल्या मुलांना या पोषणाची गरज सर्वांत जास्त असते, हे ध्यानात घेऊन त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा. त्याचबरोबर आठवड्यातून एक दिवस हंगामी स्थानिक फळ, मग ते बोर असो, पेरू असो, पपईची फोड असो की उन्हाळ्यातली करवंदे असोत, राज्याच्या खर्चाने मिळावे. आमच्या शाळेत वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी घरचे किंवा गावचे फळ आणण्याचे मुलांनीच ठरवले होते. ते फळ कापताना बिया मोजणे आणि त्यांची रोपे करणे आपोआप सुरू झाले.

शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीचाही उल्लेख केला पाहिजे. अतिचरबी, अतिसाखर आणि अतिमिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि त्याभोवतीच्या ५० मीटर अंतरात विकू नयेत, असे अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०२० चे नियम सांगतात. ते अनेक मुख्याध्यापकांना माहीतच नाहीत. नुसते टपरी हटवणेही पुरेसे नाही, कारण तीही कुणाच्या तरी पोटापाण्याची असते. उकडलेल्या शेंगा, काकडी, पेरूच्या फोडी विकायला तयार असलेल्या बाईला फाटकाजवळ जागा द्यावी.

आपणांकडून मी जे मागते आहे ते थोडे आहे. आठवड्यातला जेवणाचा एक तास वेळापत्रकात अध्यापनाचा तास म्हणून धरावा, आणि परिसर अभ्यास, गणित व कार्यानुभव यांच्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवताना होणाऱ्या, मूल्यमापनात मोजणे, चाखणे, पेरणे आणि रांधणे यांना स्थान द्यावे. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंना वर्षातून एकदा भाज्यांच्या पाककृतींचे आणि पोषणाचे सन्मानपूर्वक प्रशिक्षण द्यावे आणि त्यांना वर्गात बोलू द्यावे. त्यांचे मानधन फार थोडे आहे, आणि मुलांच्या खाण्याविषयी गावात सर्वांत जास्त कोणाला कळत असेल तर त्यांनाच. बालभारतीच्या पुस्तकांतील फळे-भाज्या त्या त्या विभागाच्या असाव्यात, निदान शिक्षकाने स्थानिक नावे भरण्यासाठी तिथे जागा मोकळी सोडावी. परसबागेला कुंपण, पाण्याची टाकी आणि मे महिन्यात पाणी घालणाऱ्याला थोडे मानधन एवढा खर्च मंजूर करावा. आणि यासाठी शिक्षकांवर आणखी एक ॲप किंवा आणखी एक ऑनलाइन नमुना लादू नये, ही हात जोडून विनंती आहे. परिसरातल्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्रस्तरीय, शिक्षण परिषदेत महिन्यातून एकदा या विषयावर अर्धा तास बोलणे झाले आणि मुलांच्या चव नोंदवह्या तिथे पाहिल्या गेल्या, तर शाळेत काय चालले आहे ते कळेल.

ज्या घरात रोजगार नाही, त्या घराला पाठ देऊन भाजी मिळत नाही, आणि आहारशिक्षणाच्या नावाखाली 'तुझ्या डब्यात फळ का नाही' असे कोणत्याही मुलाला विचारले जाऊ नये. मी स्वतः एकदा तसे विचारले होते. त्या मुलाने पुढचे चार दिवस डबा आणला नाही. तेव्हापासून मी प्रश्न विचारायचा तो ताटातल्या पदार्थाविषयी, मुलाच्या घराविषयी नाही, असा नियम स्वतःला घालून घेतला. आपण काढाल त्या परिपत्रकात हे वाक्य पहिले असावे असे मला वाटते.

जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा वाफे करण्याची वेळ असेल. त्याआधी निर्णय झाला तर हे वर्ष वाया जाणार नाही. माझ्या घरी अंबाडी, चवळी, घेवडा, दोडका आणि लाल माठ यांचे गावरान बियाणे राखेत घालून ठेवलेले आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील ज्या शाळेला ते हवे असेल तिला मी देईन, आणि बोलावले तर वाफे करायलाही येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका